डिसेंबरची भिशी जानेवारीतच सुरू होते

"ताई, मागच्या डिसेंबरचं क्रेडिट कार्ड अजून फिटलं नाही आणि हा डिसेंबर दारात उभा आहे," अमेरिकेतल्या एडिसनहून एक नागपूरकर लिहिते. "नागपूरची वारी, सगळ्यांना न्यायच्या वस्तू, मुलांची ख्रिसमसची खेळणी, ऑफिसातलं सीक्रेट सँटा, असे मिळून तीन हजार डॉलर कार्डावर राहिले. मिनिमम दर महिन्याला भरतो, एकदाही चुकवलं नाही. यंदाच्या तिकिटांचे पैसे बाजूला काढलेत. पण नवरा म्हणतो, जायलाच नको. सासूबाईंना काय सांगू?" पुढे दिराला न्यायच्या फोनचं आणि लेकीच्या ख्रिसमस ट्रीचंही विचारलं आहे.

"एकदाही चुकवलं नाही" हे तू अभिमानानं लिहिलंस, आणि तिथंच मी कपाळाला हात लावला. अगं, मिनिमम भरणं म्हणजे फेडणं नव्हे. तिकडच्या कार्डाचं व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर असतं. २२ टक्के धर. तीन हजारांवर पहिल्याच महिन्याचं व्याज ५५ डॉलर. मिनिमम बहुतेक ठिकाणी व्याज अधिक मुद्दलाचा एक टक्का, म्हणजे ८५. त्यातले मुद्दलात गेले फक्त ३०. अकरा महिन्यांत तू व्याजापोटी पावणेसहाशेच्या आसपास दिलेस आणि कर्ज कमी झालं तीनशेनं.

आता माझं नेहमीचं पुराण. वाचक हसतील, हसू देत. भिशी!

माझं लग्न होऊन मी नागपूरच्या महाल भागात आले तेव्हा सासूबाईंची बारा बायकांची भिशी होती, महिना शंभर रुपये. इतरांकडे चिठ्ठ्या निघायच्या, सासूबाईंना ते मान्य नव्हतं. जिच्या घरी लग्न, तिला लग्नाचा महिना. जिच्या मुलाची फी, तिला जून. स्वतः मात्र दरवर्षी दिवाळीचा नंबर धरायच्या. एकदा शेजारीण दिवाळीसाठी उसने मागायला आली, तर पैसे दिले आणि वर ऐकवलं, "दिवाळी काय न सांगता येते का वं? पंचांगात छापून असते!"

ख्रिसमस तर त्याहून सोपा, त्याला पंचांगही लागत नाही. दरवर्षी २५ तारीख. तरी दरवर्षी आपण त्याला अपघातासारखं सामोरं जातो.

आणि हे काही फक्त आपल्याच वाड्यातलं शहाणपण नाही. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेनं १९०९ साली 'ख्रिसमस क्लब' काढला होता. थोडे थोडे पैसे वर्षभर भरायचे, सणाच्या तोंडावर सगळे एकदम हातात. अमेरिकेतल्या कित्येक क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे तिकडच्या पतसंस्थांमध्ये, असं खातं आजही मिळतं. मात्र पैसे विमा असलेल्या खात्यातच ठेव, कुणा कंपनीच्या कूपन योजनेत नको. ब्रिटनमध्ये २००६ साली अशी एक योजना ऐन ऑक्टोबरात बुडाली आणि हजारो घरांचा ख्रिसमस त्यात गेला. आम्ही तेव्हा लेस्टरला होतो, महिनाभर सगळीकडे तोच विषय.

तर, तिकिटांसाठी काढलेले पैसे उचल आणि आजच कार्डात घाल. हो, नवऱ्याचं बरोबर आहे. (हे वाक्य त्याला दाखवू नकोस.) जानेवारीपासून पगाराच्या दिवशी २५० डॉलर आपोआप वेगळ्या खात्यात जाऊ देत, म्हणजे वर्षअखेर तीन हजार होतात. तिकिटांचा हप्ता त्याच्या शेजारी निराळा. पुढच्या वर्षी या, ताठ मानेनं या.

राहिल्या सासूबाई. त्यांना खरं सांग. "मुलांच्या शाळेचं जमत नाही" वगैरे रचू नकोस. २००१ मध्ये आम्ही कर्ज काढून नागपूरला आलो. पंधरा दिवस सीताबर्डीत पिशव्या भरल्या, सावजीच्या प्रत्येक बिलाला "आम्ही देतो" म्हणून हात पुढे केला. निघायच्या आदल्या रात्री यांच्या तोंडून कर्जाचं निसटलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पहाटे गाडी आली तेव्हा माझ्या पर्समध्ये रुमालात बांधलेली भिशीची रक्कम कोंबली आणि म्हणाल्या, "मले सांगाले काय झालं होतं?" आम्ही नेलेला डिनर सेट तेव्हाही खोक्यातच होता.

आता उरलेलं. दिरासाठी फोन आणायचा नाही, तसं कळव आणि विषय संपव. मुलांना एकेक भेट पुरे. ती "चार हप्त्यांत भरा"वाली बटणं दाबू नकोस, चार खेळण्यांचे सोळा हप्ते होतात आणि कुणाला आठवतही नाहीत. पुढच्या वर्षी हॉटेलात उतरणार असाल तर हिवाळी अधिवेशनाच्या तारखा आधी बघ, त्या दिवसांत नागपुरात खोल्यांचे भाव चढलेले असतात. आणि लेकीला देवघराशेजारी ट्री ठेवायची आहे तर ठेवू दे की. फक्त समईपासून दोन हात लांब, तेवढं बघ.