कार्बनचा ‘भत्ता’? अहो, मुभा म्हणा

प्रश्न असा आलाय की शेजारशेजारच्या शहरांना कार्बन उत्सर्जनाची जी ठरावीक परवानगी वाटून देतात तिला ‘उत्सर्जन भत्ता’ म्हणायचं का, आणि ‘समान वाटप’ नि ‘न्याय्य वाटप’ यात फरक काय.

भत्ता? नाही, नाही आणि नाही. हल्ली भाषांतरांत हा भत्ता सारखा भेटतो आणि दरवेळी डोकं फिरतं. डिक्शनरीत अलाउन्ससमोर भत्ता दिसला की उचलला. अहो, भत्ता हातात पडतो, प्रवासभत्ता, महागाई भत्ता. इथे कोणी काही देत नाहीये, एक टन कार्बन डायऑक्साइड सोडलात तर चालवून घेऊ, एवढंच. त्याला आपल्याकडे फर्स्टक्लास शब्द पडून आहे, मुभा. मूळ अरबी ‘मुबाह’, म्हणजे जे कराच असंही नाही आणि करू नका असंही नाही ते. एका टनाची मुभा आणि सगळं मिळून शहराचा वाटा, संपलं.

पण गंमत बघा, ज्यांनी चुकून भत्ता लिहिलं ते चुकून एकदम मुळाशी पोचलेत! भत्ता आला ‘भक्त’वरून. देवाचा भक्त नव्हे, संस्कृतात भक्त म्हणजे शिजवलेला भात, आणि त्याच्याही आधी भक्त म्हणजे वाटून दिलेलं, कारण धातू भज्, वाटून देणं. भाग त्यातलाच, विभागणी त्यातलीच, भाऊ वेगळे झाले की विभक्त, व्याकरणातली विभक्तीसुद्धा. भगवानसुद्धा, ‘भग’ म्हणजे वाट्याला आलेलं भाग्य, ते ज्याच्याकडे आहे तो. म्हणजे भात हा मुळात पानात पडलेला वाटा, आणि कामावरच्या माणसाला जेवणापोटी जे द्यायचं तो भत्ता.

काही विद्वान भत्ता ‘भृति’पासून काढतात, मजुरी या अर्थी. त्यांनी कधी प्राकृत उघडून बघितलंय का कोण जाणे. भृत म्हणजे पगारी माणूस, त्याचा झाला भट (पुजारी नव्हे, सैनिक), तिथे ऋ-मुळे त चा ट झाला. क्त चा प्राकृतात त्त होतो आणि मराठीत पुढे एकेरी त, सक्तूचा सातू, भक्तचा भात, हे शेंबडं पोरही सांगेल. आता मराठीत भत्तामधला त्त तसाच का राहिला, तर माझं मत असं की भात घरचा आणि भत्ता उत्तरेकडून आलेला पाहुणा, पण मूळ पुरुष एकच.

हां, समान आणि न्याय्य. समान म्हणजे माणशी सारखं, डोकी मोजा आणि वाटा. न्याय्य म्हटलं की भांडण, कारण ज्या शहरात कारखाने आहेत ते म्हणणार माल तर शेजारचं शहर वापरतं, मग धूर एकट्या माझ्या नावावर का? जपानमधल्या तोक्योने 2010 मध्ये मोठ्या इमारती नि कारखान्यांवर उत्सर्जनाची मर्यादा घातली, 2011 मध्ये शेजारच्या साइतामा प्रांताने, आणि दोघांत क्रेडिटची, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त केलेल्या कपातीची, देवाणघेवाणही चालते. पण पाया काय धरला, तर 2002 ते 2007 मधल्या सलग तीन वर्षांची सरासरी, म्हणजे आधी जितका धूर त्या प्रमाणात मुभा. याला इंग्रजीत ग्रँडफादरिंग म्हणतात आणि हा शब्द अमेरिकेतल्या दक्षिणी राज्यांतून आलाय, आजोबांना मतदानाचा हक्क होता तर नातवाला मतदारांची साक्षरता-परीक्षा माफ, म्हणजे काळ्यांना बरोब्बर बाहेर ठेवायची सोय. 1915 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, शब्द मात्र कार्बनच्या हिशोबात येऊन बसला. याला मराठीत ‘वडिलोपार्जित वाटप’ म्हणा, ‘न्याय्य’ तेवढं म्हणू नका.