उन्हाला बसायला या

(वाचकांची पत्रं आणि उत्तरं)

प्रश्न : काकू, मी मूळची रत्नागिरीची. जूनमध्ये निफाडजवळच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले, गावात खोली घेऊन एकटी राहते. पावसाळ्यात शेजारणी संध्याकाळी ओट्यावर बसायच्या, मला हाक मारायच्या. दिवाळी झाली आणि सगळं बदललं. सात वाजता दारं लागतात. माझं काही चुकलं का, असं वाटत राहतं. शिवाय ही थंडी! आमच्याकडे थंडी म्हणजे रात्री पंखा बंद करायचा, एवढंच.

उत्तर : पोरी, तुझं काहीच चुकलेलं नाही. तुझ्या शेजारणींचा दिवस कसा जातो ते आधी बघ. सध्या उन्हाळ कांद्याची लागवड जोरात आहे. वाफ्यात वाकून एकेक रोप खोचायचं, पाय दिवसभर गार चिखलात. द्राक्षबागेत घडांची विरळणी चालू. शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची, म्हणजे घरातला माणूस गव्हाला पाणी भरायला रात्री जाणार, त्याच्या आधी भाकरी-कालवण झालं पाहिजे. अशा बाईला सात वाजता फक्त अंथरूण दिसतं. त्यात आपली थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमान मोजतात, म्हणून कडाका पडला की निफाडचं नाव पेपरात येतंच.

हिवाळ्यात आमच्याकडे गप्पांची वेळ बदलते, ही गोष्ट तुला कुणी सांगितली नाही. संध्याकाळची बैठक सकाळच्या उन्हात येते. रविवारी दहा-साडेदहाला बाहेर पड. ज्या भिंतीवर ऊन आलेलं असेल तिथे चार जणी पाठ शेकत बसलेल्या दिसतील. नुसती जाऊन उभी राहू नकोस, मेथीची जुडी घेऊन जा आणि तिथेच निवडायला बस. कुणी ना कुणी दुसऱ्या बाजूने हात लावेलच. मग बाजरीची भाकरी शिकवा म्हण. तू तांदळाची थापत असशील, बाजरीची वेगळी. पीठ ताजं दळलेलं हवं. आठ-पंधरा दिवस झाले की कडवट होतं, विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना फाटते. हे सांगताना कुणाच्याही तोंडाला कुलूप राहत नाही. शिकवायला मिळालं की माणूस लवकर आपलं होतं, हे मी चाळीस वर्षांपूर्वी या गावात सून म्हणून आले तेव्हा अनुभवलंय. चुलीपुढे पहिल्यांदा ज्यांनी माझा हात धरून भाकरी फिरवून दाखवली, त्या आक्का पुढे माझ्या बाळंतपणात सव्वा महिना माझ्या उशाशी होत्या.

आणि बंद दाराला घाबरू नकोस. आमच्या शेजारच्या बागवाल्यांशी बांधावरून आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. 2018 च्या डिसेंबरअखेर थंडीची लाट आली, पारा दोन अंशांच्या आसपास उतरला. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब वर निघून जाते, गार हवा खाली वेलींत साचते. सगळ्यात वाईट वेळ सूर्य उगवायच्या जरा आधीची. त्यात मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. म्हणून आम्ही पहाटे तीनला ठिबक सोडलं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, आणि ओळींच्या कडेने शेकोट्या पेटवायला घेतल्या. आमचं पाचट निम्म्या बागेतच संपलं. तेवढ्यात बांधापलीकडून ट्रॅक्टरचा दिवा आला. शेजारचे भाऊ ट्रॉलीभर पाचट आणि तुराट्या घेऊन आले होते. काही बोलले नाहीत, ओतायला लागले. मागून त्यांची बायको किटली घेऊन आली, गवती चहाचा वास सगळ्या ओळीत पसरला. माझी बोटं इतकी बधिर झालेली की कप हातात आहे हेच कळेना. तिने माझे दोन्ही हात कपासकट आपल्या हातांत धरले. उजाडेपर्यंत आम्ही दोघी तशाच जाळाजवळ बसलो होतो. बांधाचा वाद पुढे मोजणी होऊन मिटला, पण बोलणं त्या पहाटेच सुरू झालं.

आता संक्रांतीचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. तुझं लग्न झालंय की नाही ते लिहिलं नाहीस, आणि मला त्याने फरक पडत नाही. माझ्याकडे विधवा शेजारणीही येतात, मी त्यांनाही तिळगूळ आणि वाण देते. तू बोलाव सगळ्यांना, दुपारी तीनला, ऊन असताना. वाण म्हणून तुमच्याकडची आमसुलं दे, मूठमूठ पुडीत बांधून. इकडे आमटीला चिंच घालतात. आमसुलाचं सार कसं करायचं हे विचारायला बायका तुझ्या दारात येतील. आणि एक जाड गोधडी शिवून घे. जुनी लुगडी मी देईन.

प्रश्न : आजी, मी येवल्याचा, नववीत आहे. माझा मित्र नायलॉन मांजा आणतो. मी त्याच्या वडिलांना सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मी चुगली केली का?

उत्तर : नाही रे बाळा. त्या मांजाने माणसांचे गळे चिरतात, पाखरं झाडांत अडकून तडफडून मरतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच त्याच्यावर देशभर बंदी घातली आहे. तू मित्राला मोठ्या संकटातून वाचवलंस. फक्त आधी त्याच्याशी बोलायला हवं होतंस, मग वडिलांशी. एवढं त्याला जाऊन सांग, म्हण की “आधी तुझ्याशीच बोलायला हवं होतं.” मांजाबद्दल मात्र माफी मागू नकोस. येवल्यात भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस पतंग चालतात. भोगीला सकाळीच साधा सुती दोरा भरलेली तुझी आसारी घेऊन त्याच्या गच्चीवर जा आणि ती त्याच्या हातात दे. पहिला पतंग त्याला उडवू दे.

प्रश्न : वहिनी, आम्ही चौघे निवृत्त मित्र पहाटे साडेपाचला फिरायला जातो. एकाची पत्नी दिवाळीत गेली, तेव्हापासून ते येत नाहीत. “थंडी फार आहे” म्हणतात. त्यांना ब्लडप्रेशरही आहे. आग्रह करावा की एकटं राहू द्यावं?

उत्तर : भाऊ, पहाटेचा आग्रह नको. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, प्रेशर वाढतं. त्यांचं कारण अगदी खरं आहे. पण एकटंही ठेवू नका. तुम्ही तिघांनी वेळ बदला. नऊला निघा, तेही त्यांच्याच दारावरून. पत्नीचा विषय टाळू नका. वहिनींच्या हातचे डिंकाचे लाडू तुम्ही सगळ्यांनी खाल्ले असतील, त्यांची आठवण तुम्हीच काढा. रडू आलं तर येऊ द्या.

एखाद्या दिवशी त्यांना नांदूर मध्यमेश्वरला घेऊन जा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं हे पाणी, 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. सध्या हिमालयापलीकडून आलेले चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं तिथे उतरलेली आहेत. चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन बसलं की तासभर कुणाला काही बोलावं लागत नाही, आणि तरी चौघे बरोबर असतात. त्यांना “येता का?” असं विचारू नका, ते नाहीच म्हणतील. गाडी दारात उभी करा, त्यांची कानटोपी खुंटीवरून काढून हातात द्या आणि सांगा, “चला, ऊन आलंय.”