कुलपाचा आराखडा आणि किल्ली

प्रश्न : मी नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांतील पक्षकार बँकेची विवरणे, दवाखान्याचे कागद, कधी अगदी खासगी छायाचित्रेही मोबाइलवर पाठवतात. एका सहकाऱ्याने त्यासाठी सिग्नल हे संदेश पाठवण्याचे ओपन सोर्स ॲप सुचवले. मात्र त्याचा सोर्स कोड, म्हणजे ॲप ज्यावरून बनते तो मूळ मजकूर, कोणालाही वाचता येतो, हे ऐकून मी थबकले. तिजोरीच्या कुलपाचा आराखडा सीताबर्डीच्या चौकात टांगावा, तसाच हा प्रकार नव्हे काय? शिवाय व्हॉट्सॲपवरही संदेश कूटबद्धच (पाठवणारा व घेणारा सोडून कोणाला वाचता न येणारे) असतात, मग आणखी एक ॲप कशाला?
— एक वकील, सिव्हिल लाइन्स, नागपूर

उत्तर : आपली उपमा चांगली आहे, म्हणून ती खोडण्याऐवजी पुढे नेतो. इतवारीच्या सराफ्यातील तिजोऱ्यांची कुलपे कशी चालतात, हे कुलूप बनवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही सराफ रात्री झोपू शकतो, कारण किल्ली त्याच्या कनवटीला असते. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित केवळ किल्लीत असावे, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच मांडले होते. सिग्नलची किल्ली आपल्या फोनवरच तयार होते आणि प्रत्येक संदेशासाठी नवी निघते, त्यामुळे एखादी कोणाच्या हाती लागली तरी आधीचे संदेश तिने उघडत नाहीत.

कोड उघडा असण्याचा लाभ असा, की कंपनीच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. प्रसिद्ध केलेल्या कोडवरून अँड्रॉइडचे ॲप स्वतः तयार करून ते प्ले स्टोअरवरून उतरवलेल्या ॲपशी ताडून पाहता येते. मी हे कधी केलेले नाही आणि आपणही करणार नाही. परंतु जगात ते करणारे आहेत, एवढे पुरते. हा उघडेपणा निर्दोष मात्र नाही. २०२० ते २०२१ या काळात सुमारे वर्षभर सर्व्हरचा नवा कोड प्रसिद्धच झाला नव्हता आणि त्यावर रास्त टीका झाली. संदेश फोनवरच कूटबद्ध होत असल्यामुळे त्यांच्या गुप्ततेला त्यातून बाधा आली नाही, हे खरे. तरी तो ढिसाळपणाच होता.

व्हॉट्सॲपविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. एप्रिल २०१६ पासून तेथील संदेशांना सिग्नलचाच प्रोटोकॉल (कूटबद्ध करण्याची ठरलेली पद्धत) संरक्षण देतो. फरक दोन आहेत : व्हॉट्सॲपच्या ॲपचा कोड उघडा नाही, आणि कोण कोणाशी केव्हा बोलले याची नोंद ठेवण्याबाबत सिग्नल फार कंजूष आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या एका ग्रँड ज्युरीने (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) माहिती मागवली, तेव्हा खाते केव्हा उघडले आणि ते शेवटचे केव्हा जोडले गेले, याखेरीज देण्याजोगे सिग्नलकडे काही नव्हते.

आता आपल्या कामातील खरी जोखीम. आपल्या पक्षकाराचे संदेश वाचू इच्छिणारा माणूस बहुधा दूरदेशीचा हॅकर नसतो. तो त्याच घरात राहतो, त्याला फोनचा पॅटर्न ठाऊक असतो आणि कधीकाळी फोनही त्यानेच घेऊन दिलेला असतो. वाटेवरचे कूटबद्धीकरण कितीही अभेद्य असले तरी टोकाशी उघडा पडलेला फोन ते निरर्थक करते. म्हणून पहिल्या भेटीतच पक्षकाराला आपल्यासमोर फोनचे कुलूप बदलायला सांगावे, ‘जोडलेली उपकरणे’ ही यादी उघडून घरातला एखादा लॅपटॉप तिथे चिकटलेला नाही ना हे पाहावे, आणि फोनच्या पडद्यावर झळकणाऱ्या सूचनांमध्ये संदेशाचा मजकूर दिसणार नाही अशी व्यवस्था करावी. त्याच वेळी एकमेकांच्या फोनवरील ६० अंकी सुरक्षा क्रमांकाचा, म्हणजे दोघांमधील संभाषणाच्या ओळखखुणेचा, क्यूआर कोड स्कॅन करावा. पुढे तो क्रमांक बदलल्याची सूचना आली, तर पक्षकाराने फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकले असेल. तरीही कागद पाठवण्याआधी फोन करून आवाज ऐकून घ्यावा. नोंदणीला मोबाइल क्रमांक लागतोच, पण फेब्रुवारी २०२४ पासून वापरकर्तानाव देण्याची सोय असल्यामुळे आपला खासगी क्रमांक प्रत्येक पक्षकाराला देण्याची गरज उरलेली नाही.

आपोआप नाहीसे होणारे संदेश ही सोय मोहक आहे. पण धमकीचा संदेश उद्या पुरावा म्हणून लागेल, तेव्हा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी लागणारे प्रमाणपत्र जोडायला मूळ नोंद तर हवी. हे वकिलाला सांगणे आगाऊपणाचे आहे, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : सिग्नल हे ॲप फुकट, त्यावर जाहिराती नाहीत. मग पैसा येतो कुठून?
— सेवानिवृत्त शिक्षक, महाल, नागपूर

उत्तर : देणग्यांतून. व्हॉट्सॲपच्या संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन यांनी २०१८ मध्ये सिग्नल फाउंडेशन उभे राहताना ५ कोटी डॉलर उपलब्ध करून दिले. पुढचा भार वापरणाऱ्यांच्या देणग्यांनीही उचलला आहे. २०२३ मध्ये संस्थेने आपला खर्च जाहीर केला, तेव्हा नोंदणीच्या वेळी येणाऱ्या पडताळणीच्या एसएमएस आणि कॉलवरच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जातात, असे दिसले. सर्व्हरवरील खर्चही त्याहून कमी होता. मोबाइल क्रमांकाचा आग्रह संस्थेला असा महागात पडतो.