मित्रमैत्रिणी जास्त असल्या की कॉलेजात फिटनेसची वाट लागते का? एकट्यानेच व्यायाम करावा का?

प्रश्न वाचून आधी हसले, मग जरा टोचलंच. कारण ग्रुपच्या फिटनेसची वाट लावणारी जी कोण असते ना, ती मी होते.

फर्स्ट इयरला हॉस्टेलच्या चौघीजणी सकाळी सहाला ग्राउंडवर पळायला जायच्या, मी पाचवी. त्या सलग आठ राउंड मारायच्या आणि मला दुसऱ्यातच धाप, मग मी बुटाची लेस बांधायला खाली बसायचे (लेस सुटलेली नसायचीच). एकीला माझी दया आली, ती माझ्याबरोबर चालायला लागली, मग दुसरी, आणि महिन्याभरात पाचहीजणी पायऱ्यांवर बसून गप्पा ठोकतोय, पळतंय कोणीच नाही. गप्पा मात्र एक नंबर व्हायच्या, खोटं कशाला बोलू. सेमिस्टर संपताना त्यातली एक, जिच्या हातात कायम स्टॉपवॉच, भर मेसमध्ये मला म्हणाली, "तू आलीस आणि आमचं पळणं बंद झालं."

जाम लागलं होतं ते. पुढे कधीतरी अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीतल्या विद्यार्थ्यांवरचा २०११ चा अभ्यास वाचला. तिथे कोण कोणत्या तुकडीत ते अकॅडमी ठरवते, त्यामुळे कोणामुळे कोण बिघडलं हे नीट कळतं. तर निघालं काय, की बाकीच्यांवर सगळ्यात जास्त परिणाम अनफिट मंडळींचाच होतो. म्हणजे बाई बरोबर होती.

पण अर्धीच! १९२० च्या दशकात जर्मनीत ओटो कोहलर या मानसशास्त्रज्ञाने रोइंगवाल्यांना जोडीने वजन उचलायला लावलं, तेव्हा जोडीतला कच्चा गडी एकट्यापेक्षा जास्त जोर लावायचा. फक्त दोघांत फार तफावत नको. आता दोन राउंड आणि आठ राउंड ही तर फारच तफावत झाली. मला कोणी "आज तीन मार" म्हटलं असतं तर मारले असते की. म्हणायचं कोणी, सगळ्यांचं लक्ष त्या घड्याळात.

सेकंड इयरला माझ्यापेक्षा जेमतेम बरी बॅडमिंटन खेळणारी रूममेट मिळाली, रोज दार बडवून उठवायची, आणि मी वर्षभर गेले. तेव्हा मित्र तोडू नका, आपल्यापेक्षा थोडासाच पुढे असलेला एकजण धरा. एकट्याने जमत असेल तर तेही करा, काहींना जमतं, आणि परीक्षेच्या दिवसांत कोणाचंच काही होत नाही हेही खरं.

स्टॉपवॉचवाली अजून कॉन्टॅक्टमध्ये आहे. हे उत्तर तिला पाठवतेय.