खर्च गाडीच्या निम्म्या किमतीचा: व्हॉल्व्हचे काम करावे की गाडी विकावी?

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी 14 वर्षांची आहे. उभी असताना इंजिन थरथरते, चढावर पिकअप मिळत नाही. प्लग आणि कॉइल बदलून झाले. मेकॅनिकने कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबल्यावरचा दाब) मोजले: तीन सिलिंडरमध्ये 12 बार, चौथ्यात 6. ‘व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या हवेची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) गेला, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागेल’ असे तो म्हणतो. खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास निम्मा सांगितला आहे. त्यापेक्षा आहे तशी विकून, 3 वर्षांचे कर्ज काढून दुसरी जुनी गाडी घ्यावी का?

उत्तर: कर्जाचा अर्ज तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहताय. तो ताडायला हवा दुसऱ्या गाडीपायी जाणाऱ्या पैशांशी.

हिशेबासाठी तुमची गाडी नीट चालत असती तर तिला 100 मिळाले असते असे धरू. दुरुस्ती 45. थरथरत्या इंजिनाला गिऱ्हाईक फार तर 60 देईल, कारण व्हॉल्व्हचा खर्च तो आधीच मनात वजा करतो आणि वर थोडा धोकाही. म्हणजे आहे तशी विकली तरी दुरुस्तीचे पैसे बहुतांशी तुमच्याच खिशातून जातात, फक्त त्याचे बिल दिसत नाही.

आता दुसरी गाडी 300 ला मिळते असे समजू. तुमचे 60 घालून 240 चे कर्ज लागेल. वार्षिक 10 टक्के व्याजाने 36 हप्ते, प्रत्येकी पावणेआठच्या आसपास. एकूण व्याज सुमारे 39. तीन वर्षांनी ती गाडी 190 ला गेली तर 110 ची घट. दोन्ही मिळून 149 गेले. इकडे जुन्या गाडीवर आज 45, पुढची तीन वर्षे इतर दुरुस्त्यांना दरवर्षी 20, आणि शेवटी तिचे 60 च आले असे धरले तरी खर्च 105 (आहे तशी विकली तर आजही 60 च मिळतात, म्हणून वेगळी घट नाही). शिवाय दुसरी गाडीही जुनीच. तिच्या दुरुस्त्या मी अजून धरलेल्याच नाहीत.

हे गणित मात्र एका अटीवर उभे आहे: बिघाड खरोखर व्हॉल्व्हचाच हवा. त्याची खात्री अजून झालेली नाही.

कॉम्प्रेशन कमी आहे एवढ्यावरून हवा कुठून निसटते ते कळत नाही. त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चांगला वाढला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर, जवळजवळ तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर (हेडखालचा सांधा हवाबंद ठेवणारा पातळ थर). त्याहून भरवशाची लीक-डाउन चाचणी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून दाबाखाली हवा सोडायची आणि कान द्यायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक, ऑइल भरण्याच्या झाकणातून जोरात आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट किंवा तडा. मूळ कामाच्या मानाने ही चाचणी किरकोळ खर्चाची आहे, आणि तुमच्या निर्णयातला सर्वात किफायतशीर खर्च हाच. मेकॅनिक टाळाटाळ करत असेल तर दुसऱ्याकडे करून घ्या.

हेड उतरवण्याआधी टॅपेटचे अंतरही (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) मोजून घ्या. सैल टॅपेट टकटक करतात म्हणून आपले लक्ष तिकडे जाते. घट्ट झालेले गुपचूप नुकसान करतात. व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर (बंद होताना तो ज्या कड्यावर बसतो त्यावर) टेकल्यावर सोडतो. अंतर संपले की तो पूर्ण टेकत नाही, तापतो आणि कडेने जळतो. गाडीला गॅस किट असेल तर हे आवर्जून पाहा, कारण त्यात सीट लवकर झिजतात आणि अंतर कमी होत जाते. वेळीच सापडले तर नुसत्या सेटिंगवर भागते. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथे सेटिंगचा प्रश्नच नसतो.

व्हॉल्व्हच निघाला तर काम करा, पण अंदाजपत्रक कलमवार लिहून घ्या: व्हॉल्व्ह, गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी), सीट कटिंग, लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणे), हेडची सपाटी तपासणे, नवे गॅस्केट, उत्पादक सांगत असेल तिथे नवे हेड बोल्ट. व्हॉल्व्हची ऑइल सील त्याच वेळी बदला. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला निळसर धूर येत असेल तर ती बहुधा गेलेलीच आहेत. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा) असलेले इंजिन असेल तर तोही, कारण तो काढावा लागतोच. पुढे तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकून ते वाकतात. ‘उघडलेच आहे तर पूर्ण इंजिन करून टाकू’ याला मात्र चाचणीच्या आकड्याशिवाय होकार देऊ नका. असल्या वाक्यांनी बिल दुप्पट झालेले पुष्कळ पाहिले आहे.

माझे मत दोन परिस्थितींत उलटे होईल. रिंगाही गेल्या असतील आणि एकूण खर्च 80-90 वर जात असेल तर आहे तशी विका. चासीला खोल गंज असेल तरी विका, तिथे नव्या व्हॉल्व्हचा उपयोग नाही.

पैसे आणीबाणीसाठी ठेवलेल्या रकमेतून घ्या आणि न काढलेल्या कर्जाच्या हप्त्याएवढे दरमहा परत भरा. सहा महिन्यांत ती रक्कम पूर्ववत होते. क्रेडिट कार्डवर थकबाकी ठेवून हे काम करू नका.

निर्णय होईपर्यंत गाडी शक्यतो उभीच ठेवा. त्या सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन जळते. तो तापून बाद झाला की 45 चा आकडा 45 राहत नाही.