मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ की समुपदेशक: वडिलांना कोणाकडे न्यावे?

कोथरूडला राहणाऱ्या आपल्या वडिलांची झोप आणि भूक महिनाभरापासून उडाली आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते त्यांना प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडेच न्यावे, कारण ते एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, औषधे देऊ शकतात, आणि या त्रासाच्या मुळाशी थायरॉईडसारखा शारीरिक विकार तर नाही ना, हेही तपासून घेतात. ससून रुग्णालयातही हा विभाग आहे.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्या आणि संवादातून चालणारी थेरपी हे त्यांचे काम. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारावे. त्यात अपमान करण्यासारखे काहीही नाही. अनेकदा औषधे आणि थेरपी दोन्ही बरोबरीने चालतात.

समुपदेशकांची मदत वियोग, कौटुंबिक तणाव किंवा निवृत्तीनंतरचे रितेपण अशा प्रसंगी मोलाची ठरते, मात्र त्यांच्या प्रशिक्षणात फार तफावत असल्याने चौकशी करूनच निवड करावी.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. वडिलांच्या तोंडी जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि तोवर एकटे सोडू नये.