सामायिक ऑफिसात नेट सारखं अडकतंय, स्पीड टेस्ट मात्र चांगली येते. राउटर बदलावा की प्रोव्हायडर?

तुम्ही लिहिलंय की एका मजल्यावर तीन कंपन्या आहेत, जागामालकाने दिलेली फायबर लाइन एकच आणि राउटरही एकच. सकाळच्या मीटिंगमध्ये आवाज तुटतो, दुपारनंतर सगळं सुरळीत चालतं. आता राउटर बदलावा की प्रोव्हायडर, असं विचारताय.

आठवडाभर काहीच बदलू नका. भाड्याच्या जागेत हा प्रश्न नेहमी याच दोन पर्यायांवर येऊन थांबतो, कारण पैसे भरून करता येण्यासारख्या गोष्टी तेवढ्याच दिसतात. बिघाड कुठे आहे हे कोणी मोजत नाही. ‘स्पीड टेस्ट चांगली आहे, म्हणजे लाइन चांगली आहे’ हे वाक्य तर मला कोणाच्याच तोंडून ऐकवत नाही. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि दहा-पंधरा सेकंदांत किती माल वाहून नेता येतो ते सांगते. मीटिंगला माल फारसा लागत नाही. चांगल्या चित्रासाठीसुद्धा ३-४ एमबीपीएस पुरतात. तिला प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वेळेवर पोहोचलेलं हवं असतं, आणि त्याबद्दल तो मोठा आकडा काहीच बोलत नाही.

आधी हे करा. एक लॅपटॉप वायफाय बंद करून केबलने थेट राउटरला जोडा. तीन खिडक्या उघडून तीन पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तराला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी आज्ञा) एकाच वेळी चालू ठेवा. पहिलं राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा तुमचा जो गेटवे असेल त्याला. दुसरं प्रोव्हायडरच्या पहिल्या टप्प्याला. हा पत्ता ट्रेसर्ट (पॅकेट कोणकोणत्या टप्प्यांतून जातं ते दाखवणारी आज्ञा) चालवलं की सहसा दुसऱ्या ओळीत मिळतो. तिसरं गूगलच्या ८.८.८.८ ला. विंडोजचं पिंग प्रत्येक ओळीपुढे वेळ छापत नाही, म्हणून पिंगप्लॉटरसारखं काहीतरी वापरा. नाहीतर नंतर ‘केव्हा तुटलं’ यावरच वाद होतो. निदान दोन पूर्ण कामाचे दिवस हे चालू राहू द्या.

वाचायचं असं. राउटरचं पिंग केबलवरून १ मिलिसेकंदाच्या आसपास स्थिर राहिलं पाहिजे. तेच हलत असेल तर दोष तुमच्या भिंतींच्या आत आहे, प्रोव्हायडरला फोन करू नका. राउटर स्थिर आणि दुसरं-तिसरं दोन्ही बिघडत असतील, तर लाइन खराब आहे किंवा लाइनच्या तोंडाशी रांग लागते आहे. पहिली दोन चांगली आणि तिसरंच वाईट, तर क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ लाही पिंग करून बघा. दोष पुढे कुठेतरी आहे. आकड्यांच्या पत्त्याला पिंग जातंय पण साइट उघडत नाही, असं असेल तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आकड्यांचा पत्ता शोधणारी व्यवस्था, तपासा. काही टप्पे पिंगला मुद्दाम उशिरा उत्तर देतात किंवा देतच नाहीत. मधल्या टप्प्यावर पॅकेटचं नुकसान दिसलं पण शेवटच्या ठिकाणी दिसलं नाही, तर ते नुकसान नव्हे.

तुमचं ‘सकाळी वाईट, दुपारी बरं’ हे वर्णन अगदी अशाच एका ऑफिसाशी जुळतं, म्हणून ते प्रकरण सविस्तर सांगतो. चार भाडेकरू, १०० एमबीपीएस डाउनलोड आणि २० एमबीपीएस अपलोडची लाइन. रोज सकाळी दीड-दोन तास मीटिंग अडकायच्या. आधी राउटर बदलला, फरक नाही. मग जागामालकाने प्लॅन दुप्पट केला, फरक नाही. प्रोव्हायडरचा माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा दुपारी चारला. स्पीड टेस्ट दाखवून आणि लाइन ओके असं लिहून गेला. तीन महिने असे गेले.

तीन पिंग लावल्यावर पहिल्याच सकाळी चित्र दिसलं. राउटरचं पिंग १ मिलिसेकंद, जराही हललेलं नाही. ८.८.८.८ चं पिंग एरवी १२, आणि पावणेदहाला अचानक ४०० च्या वर. पॅकेट हरवत नव्हती, नुसती उशिरा पोहोचत होती. ही मोठी खूण आहे. लाइन खराब असली की पॅकेट गळतात. रांग लागली की ती थांबून राहतात. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की उघडतं ते) अपलोडचा आलेख पाहिला तर तो २० ला टेकून सपाट झालेला. हिशेब सोपा आहे: मोडेमच्या, म्हणजे लाइन जिथे येऊन संपते त्या डब्याच्या, आत १ मेगाबाइटची रांग भरली, तर २० एमबीपीएसच्या वाटेने ती रिकामी व्हायला ०.४ सेकंद लागतात. प्रत्येक नवं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं, मीटिंगमधला आवाजही. इतकंच नव्हे, डाउनलोडच्या पोचपावत्याही याच रांगेत अडकतात, म्हणून अपलोड भरलं की साध्या साइटही रेंगाळत उघडतात.

अपलोड कोण भरतंय? एका भाडेकरूच्या स्टोरेज बॉक्सचा क्लाउड बॅकअप. त्यांनी तो शहाणपणाने रात्री दोनला लावला होता. पण रात्री वीज वाचवायला मजल्याचा मेन स्विच बंद केला जायचा. सकाळी त्यांचं ऑफिस उघडलं, बॉक्स चालू झाला की तो चुकलेला बॅकअप लगेच सुरू करायचा. खूण पहिल्यापासून समोर होती: ते लोक गुरुवारी घरून काम करायचे आणि गुरुवारी नेट उत्तम चालायचं. कोणी नोंद ठेवली नव्हती, म्हणून ती जुळली नाही.

आणि प्लॅन दुप्पट केला तेव्हा काय झालं? डाउनलोड २०० झालं, अपलोड २० चं २० च राहिलं. अपलोडही वाढलं असतं तरी बॅकअपने मिळेल तेवढं सगळं ओढलं असतं. तो लवकर संपला असता, पण चालू असेपर्यंत रांग लागलीच असती.

इलाज दोन. बॅकअपच्या सेटिंगमध्ये ५ एमबीपीएसची मर्यादा, आणि राउटरवर रांगेचं नियोजन. याला एसक्यूएम म्हणतात. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ते बसवता येतं, पद्धतीचं नाव केक किंवा एफक्यू-कोडेल. नियम असा की मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घाला. म्हणजे अपलोड २० असेल तर १७-१८. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग मोडेमच्या आत न लागता राउटरच्या ताब्यात राहते आणि तो लहान पॅकेटना पुढे काढतो. त्या ऑफिसात नंतर अपलोड भरलेलं असतानाही पिंग २५ च्या आत राहिलं. राउटरच्या सेटिंगमध्ये नुसतं ‘क्यूओएस’ लिहिलेलं बटण असेल तर त्यावर विसंबू नका. अनेक स्वस्त राउटरांत ते फक्त क्रम लावतं, वेगाला मर्यादा घालत नाही, त्यामुळे रांग मोडेममध्येच राहते.

हे तुमच्याकडे आहे का, ते पाच मिनिटांत कळतं. पिंग चालू ठेवा आणि एखादी मोठी फाइल अपलोड करा. पिंग २० वरून ३०-४० झालं तर ठीक. शेकड्यांत गेलं तर दोष हाच.

तीन कंपन्यांच्या मजल्यावर दुसरा संशयित म्हणजे कोणीतरी आणून लावलेला स्वतःचा राउटर. केबल चुकून त्याच्या लॅन पोर्टात बसली की तोही पत्ते वाटायला लागतो. ज्याचं उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता मशीन घेतं, म्हणून काहींचं नेट चालतं, काहींचं जातं, आणि मशीन पुन्हा चालू केलं की कधी सुधारतं कधी नाही. नेट गेलेल्या मशीनवर आयपीकॉन्फिग /ऑल चालवा आणि डीएचसीपी सर्व्हरची, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या डब्याची, ओळ बघा. तिथे तुमच्या राउटरचा पत्ता नसेल तर तो दुसरा डबा शोधून केबल काढा. त्यांना वायफाय हवंच असेल तर त्या डब्याचं डीएचसीपी बंद करून त्याला नुसतं वायफाय पुरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला पत्ता मिळालेलाच नाही. अनेक राउटरांत वाटपाचे पत्ते शंभरच ठेवलेले असतात आणि मुदत २४ तास. पाहुण्यांचे फोन, आणि आपला मॅक पत्ता (यंत्राची ओळख) वेळोवेळी बदलणारे फोन, यांनी शंभर लवकर भरतात. वाटप २०० करा, मुदत ३-४ तास.

वायफायवर थोडक्यातच सांगतो, कारण लोक सगळं खापर त्याच्यावरच फोडतात. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनेल आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. पाच गिगाहर्ट्झवर दाट मजल्यावर ४० पुरे, ८० चा हट्ट नको. सगळ्यांचं वायफाय एकदम मिनिटभर गायब होऊन परत येत असेल तर चॅनेल ५२ ते १४४ मध्ये आहे का बघा. हे रडारशी वाटून घेतलेले चॅनेल आहेत, रडारची चाहूल लागली की अ‍ॅक्सेस पॉइंटला जागा सोडावीच लागते. बसण्याच्या जागी सिग्नल -६७ डीबीएमपेक्षा (सिग्नलच्या ताकदीचं माप) कमकुवत नको. एक्स्टेंडर लावू नका. एकाच रेडिओवर ऐकून पुन्हा बोलणारा डबा वेग निम्मा करतो. केबल ओढा आणि दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवा.

केबलची एक खूण लक्षात ठेवा. गिगाबिट वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक जोडी तुटली की बहुतेक वेळा जोडणी गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरते, म्हणून नेटवर्क कार्डाचा लिंक स्पीड बघत जा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल भिंतीत घालू नका.

राउटरचा अपटाइमही बघा. पाच दिवस कोणी हात लावलेला नसताना तो ‘६ तास’ दाखवत असेल तर तो स्वतःहून रीस्टार्ट होतोय: अ‍ॅडॅप्टर मरायला आलाय किंवा डबा बंद कपाटात तापतोय. तेवढ्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा नवा अ‍ॅडॅप्टर लावून बघा. फायबरच्या डब्याचा लॉसचा (एलओएस, म्हणजे सिग्नल नाही) दिवा लाल असेल, किंवा त्याच्या पानावर येणारी प्रकाशशक्ती -२७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली असेल, तर मात्र ते प्रोव्हायडरचंच काम. आधी फायबर दाराच्या फटीत किंवा टेबलाच्या पायाखाली मुरगळलेली नाही ना, एवढं बघून घ्या.

आता जागामालकाचा मुद्दा. भाड्यात नेट धरलेलं आहे आणि राउटरचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे आहे, अशी व्यवस्था मुळीच स्वीकारू नका. मोजता येत नाही ते दुरुस्त करता येत नाही, आणि आत न जाता मोजायचं कसं? निदान वाचण्यापुरता प्रवेश मागा. तिन्ही कंपन्यांना वेगळे व्हीलॅन (त्याच तारांवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नेटवर्कं) मागा, म्हणजे एकाचा लूप झालेला स्विच किंवा जादाचा राउटर इतरांना आडवा करणार नाही. प्रत्येक कंपनीला वेगाची कमाल मर्यादा मागा. ‘प्लॅन वाढवून देतो’ हे उत्तर आलं की दोन दिवसांची नोंद पुढे ठेवा: अमुक वाजता राउटर १ मिलिसेकंद, बाहेर ४००, अपलोड भरलेलं. दुपारी चारच्या स्पीड टेस्टपेक्षा ही नोंद जास्त खरी आहे, आणि त्या तीन महिन्यांत ती कोणी मागितली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रोव्हायडर खरंच बदलायचा तर जुना तोडू नका, दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीकडून आणि शक्यतो इमारतीत दुसऱ्या वाटेने घ्या. दोन लाइनचा राउटर असेल तर एका लाइनवरून दुसरीवर जाण्याचा बदल नुसत्या लिंकवर नको, बाहेरच्या पत्त्याच्या पिंगवर लावा. केबल जोडलेली असते आणि पुढे नेट मेलेलं असतं, असं सर्रास होतं.

दोन गोष्टी राहिल्या. एसक्यूएम राउटरच्या प्रोसेसरवर चालतं; लाइन ३००-४०० एमबीपीएसच्या पुढची असेल तर जुना, लहान राउटर त्यानेच दमतो, आणि तेव्हा मात्र राउटर बदलणं योग्य. आणि नेट सगळं ठीक असून फक्त व्हीपीएन अडकत असेल तर तो वेगळा आजार आहे. पीपीपीओईच्या (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणाऱ्या) लाइनवर पॅकेट जास्तीत जास्त १४९२ बाइटचं असतं, १५०० चं नाही. न तोडता पाठवायच्या पिंगने १४६४ जातंय आणि १४७२ जात नाही असं दिसलं, तर व्हीपीएनचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४०० च्या खाली आणून बघा. सेटिंग बदलण्याआधी राउटरची जुनी सेटिंग फाइल उतरवून ठेवा आणि बदल सगळे घरी गेल्यावर करा.